घरच्या संगणकातील संशयित जाहिरात-फायली : ओळख व उच्चाटन

(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अनेक प्राथमिक शिक्षकांच्या घरी संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. एकाच संगणकावर गुरुजी युडायस प्लसची माहिती भरतात, घटक चाचणीची प्रश्नपत्रिका तयार करतात, आणि सायंकाळी घरातील मुलगी त्याच संगणकावर नीट परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेते. म्हणजे ज्या यंत्रात वर्गातील मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असतात, त्याच यंत्रावर घरातील प्रत्येकाचा हात फिरत असतो. अशा यंत्रात नको तो प्रोग्राम शिरला, तर प्रश्न केवळ कटकटीचा राहत नाही. पालकांनी विश्वासाने शाळेच्या स्वाधीन केलेल्या माहितीच्या रक्षणाचा होतो. म्हणून या विषयाचा शिक्षकांनी नीट अभ्यास करणे अगत्याचे आहे.

१. ॲडवेअर म्हणजे काय?

वापरणाऱ्याची खरीखुरी संमती न घेता पडद्यावर जाहिराती आणणाऱ्या प्रोग्रामास ॲडवेअर म्हणतात. जाहिरात दाखविली वा तिच्यावर बोट पडले, की त्याच्या कर्त्यास पैसे मिळतात. याच लोभाने तो प्रोग्राम ब्राउझरचे पहिले पान बदलतो, शोधयंत्र बदलतो, आणि कोणती पाने पाहिली जातात याची नोंदही ठेवतो. तो बहुधा दार फोडून येत नाही. दार उघडलेले पाहून येतो.

२. तो घरात कसा येतो?

आपल्या भागात याची एक नेहमीची वाट मराठी टंकलेखनातून जाते. जुन्या फॉन्टमधील प्रश्नपत्रिका उघडत नाही, म्हणून एखादा फुकट फॉन्ट किंवा फॉन्ट बदलून देणारा प्रोग्राम शोधला जातो. त्या पानावर ‘डाउनलोड’ अशी तीन-चार मोठी बटणे असतात. त्यांतील खरे एकच, उरलेल्या जाहिराती. पुढे प्रोग्राम बसविताना ‘नेक्स्ट’चे बटण न वाचता दाबले जाते, आणि आधीच खूण केलेल्या चौकटींतून दुसरे दोन प्रोग्राम सोबत येऊन बसतात.

वास्तविक मराठीसाठी असे काही उतरवून घेण्याची गरज आता फारशी नाही. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक अंगचाच असतो. विंडोज १० मध्ये २०१९ पासून उच्चारानुसारी मराठी कळफलकही मिळतो. युनिकोडमध्ये लिहिण्याची सवय लागली, की ही वाट आपोआप बंद होते.

३. ओळख कशी पटवावी?

शेतकरी खुरपणीला बसतो, तेव्हा तण कोणते व पीक कोणते हे त्याला आधी ओळखता यावे लागते. हाताला येईल ते उपटणाऱ्याचे रान स्वच्छ दिसते, पण पदरी काही पडत नाही. संगणकाबाबतही हाच नियम आहे. संशय आला म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे. पुढील चार कसोट्या क्रमाने लावाव्यात.

पहिली कसोटी : जाहिरात कोठे दिसते? पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात वारंवार सूचना येत असतील, तर पुष्कळदा तेथे कोणतीही फाइल नसतेच. एखाद्या संकेतस्थळाने ‘सूचना पाठवू काय?’ असे विचारले असता ‘अलाउ’ दाबले गेलेले असते. ब्राउझरच्या सेटिंगमधील ‘नोटिफिकेशन्स’ या सदरात जाऊन त्या संकेतस्थळाची परवानगी काढली, की त्रास थांबतो. असे असता फायली पुसत बसणे व्यर्थ होय.

दुसरी कसोटी : त्रास कधी सुरू झाला? ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ची यादी उघडून ती तारखेनुसार लावावी. जाहिराती ज्या दिवशी सुरू झाल्या, त्याच दिवशी कोणता अपरिचित प्रोग्राम बसला ते पाहावे. ब्राउझरमधील ‘एक्स्टेन्शन्स’ची यादीही अशीच तपासावी.

तिसरी कसोटी : फाइल कोठे राहते? कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली असता टास्क मॅनेजर उघडतो. तेथे ‘एसव्हीसी-होस्ट’ हे नाव अनेकदा आढळेल. ते पाहून घाबरण्याचे कारण नाही. विंडोजचे हे नेहमीचे कामकरी आहेत, आणि एका वेळी अनेक असणे हे स्वाभाविक आहे. नावावर उजवे बटण दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावे. ती फाइल विंडोज फोल्डरातील ‘सिस्टिम ३२’ मध्ये असेल, तर तिला हात लावू नये. मात्र तेच नाव धारण करणारी फाइल ‘ॲपडेटा’ किंवा ‘टेम्प’ फोल्डरात सापडली, तर संशय बळावतो.

चौथी कसोटी : तिच्यावर कोणाची सही आहे? फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये डिजिटल सही दिसते. परंतु सही आहे म्हणून फाइल निर्दोष, किंवा नाही म्हणून दोषी, असे समजू नये. लहान पण प्रामाणिक प्रोग्राम पुष्कळदा सहीविना असतात, आणि ॲडवेअरवर रीतसर सही असू शकते.

एका कसोटीवर निर्णय करू नये. दोन-तीन कसोट्यांची साक्ष जुळली म्हणजेच पुढे जावे.

४. उच्चाटनाचा क्रम

(अ) प्रथम शाळेचे कागद व छायाचित्रे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. प्रोग्रामच्या फायली मात्र उतरवू नयेत. नाहीतर रोगही बरोबर जातो.

(आ) दोषी प्रोग्राम ‘अनइन्स्टॉल’च्या रीतसर मार्गाने काढावा. नुसती फाइल पुसू नये.

(इ) ब्राउझरमधील अनोळखी एक्स्टेन्शन काढावे. पहिले पान व शोधयंत्र पूर्ववत करावे.

(ई) विंडोज सिक्युरिटीमधून पूर्ण तपासणी करावी. त्यातील ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ या सदरात नको असलेले प्रोग्राम रोखण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. त्रास न थांबल्यास ‘ऑफलाइन स्कॅन’ करावा. यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो व विंडोज जागे होण्यापूर्वीच तपासणी होते. म्हणून हातातील काम आधी जतन करावे.

(उ) सापडलेली फाइल ‘क्वारंटाइन’मध्ये ठेवावी. तेथे ती निरुपद्रवी होते, आणि निर्णय चुकला असल्यास परत आणता येते.

(ऊ) शेवटी शाळेच्या पोर्टलचे व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावेत.

५. मूळ शिल्लक राहू नये

अमरवेलीचा एक धागा झाडावर राहिला, तरी ती पुन्हा फोफावते. ॲडवेअरचेही असेच आहे. २०१४-१५ मध्ये लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचा जाहिरात-प्रोग्राम कारखान्यातूनच बसवून आला होता. सुरक्षित पानांतही जाहिराती घालता याव्यात म्हणून त्याने यंत्रात स्वतःचे विश्वासपत्र रोवले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये हा प्रकार उघडकीस आला, तेव्हा ध्यानात आले की प्रोग्राम काढला तरी ते विश्वासपत्र मागे राहते, आणि त्याच्या आधारे तिऱ्हाइतास बँकेच्या पानाचेही सोंग आणता येते. पुढे कंपनीने दोन्ही काढणारे साधन उपलब्ध करून दिले. यावरून दोन बोध घ्यावेत : नवे यंत्र म्हणजे निर्दोष यंत्र नव्हे, आणि जाहिरात दिसेनाशी झाली म्हणजे रोग गेला असेही नव्हे. उच्चाटनानंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, चारही कसोट्या पुन्हा लावाव्यात, आणि आठ दिवस लक्ष ठेवावे.

६. भोंदू वैद्यापासून सावध

‘आपल्या संगणकात व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असे पान अचानक उघडते. ब्राउझरचे कोणतेही पान संगणकाची अशी तपासणी करू शकत नाही. फोन केल्यास समोरचा माणूस गोड बोलून, दूरून पडदा पाहता येईल असा प्रोग्राम बसवावयास सांगतो, आणि मग खरी लूट सुरू होते. तेव्हा ते पान बंद करावे, फोन करू नये. मोफत व विश्वसनीय साधने केंद्र शासनाच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’कडे मिळतात, हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले. पैशाची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

विद्यार्थ्यांस आपण शब्द ओळखल्याशिवाय वाक्याचा अर्थ सांगू देत नाही. तीच शिस्त येथे पाळावी : आधी ओळख, मग उच्चाटन.

अभ्यासासाठी प्रश्न व कृती

१. कोपऱ्यातील सूचना व ॲडवेअर यांतील भेद उदाहरणासह सांगा.
२. ‘सिस्टिम ३२’ मधील फाइल व तिच्याच नावाची ‘ॲपडेटा’तील फाइल यांबाबत वेगळा विचार का करावा?
३. घरच्या संगणकातील प्रोग्रामची यादी तारखेनुसार लावून, अपरिचित नावे वहीत लिहा. काहीही न काढता ती यादी पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चर्चेस आणा.
४. घरातील संगणकावर मुलांसाठी स्वतंत्र, मर्यादित अधिकारांचे खाते उघडा.