हाय स्ट्रीटवरचा उन्हाळा

— द्वितीय वर्ष, कला शाखा

जुलै महिन्यात लंडनचे दुपारचे सरासरी तापमान २३-२४ अंश सेल्सिअस असते. एवढ्यावर आपल्याकडे पहाटे फिरायला जाणारी मंडळी कानाला मफलर गुंडाळतात! त्यामुळे ब्रिटनमधील उन्हाळी पोशाखावर लिहिणार आहे असे सांगताच वर्गातील मैत्रिणींनी पहिला प्रश्न विचारला, "तिथे उन्हाळा असतो तरी का?" असतो, आणि कधी कधी चांगला भाजून काढतो. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कॉनिंग्जबी येथे पारा ४०.३ अंशांवर गेला होता. पण तो अपवाद. एरवीचा उन्हाळा लहरी. सकाळी लख्ख ऊन, दुपारी सर, आणि सूर्य नऊनंतर मावळत असला तरी संध्याकाळी अंगावर काटा आणणारा गारवा. म्हणून तिथल्या बाईच्या उन्हाळी पोशाखात सुती फ्रॉकला जेवढे महत्त्व, तेवढेच पिशवीत घडी करून ठेवलेल्या कार्डिगनला. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने रबरी अस्तराच्या जलरोधक कापडाचे पेटंट १८२३ साली घेतले, ते उगीच नव्हे.

हे कपडे सामान्य माणूस घेतो कोठे? हाय स्ट्रीटवर. ब्रिटनमध्ये रस्त्यांना सर्वाधिक दिलेले नाव हेच आहे. आपल्या गावात जशी ‘पेठ’, तशी तिथे हाय स्ट्रीट. खाटिक, औषधवाला, बँक, टपाल कचेरी आणि कपड्यांची दुकाने एका ओळीत. पुढे पुढे या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला: श्रीमंतांच्या शिंप्याकडचा नव्हे, तर गावोगावी शाखा असलेल्या दुकानांतला, सर्वांना परवडणारा कपडा म्हणजे ‘हाय स्ट्रीट फॅशन’. १९६७ साली नॉरिच शहराने आपला लंडन स्ट्रीट मोटारींना बंद करून पायी चालणाऱ्यांना मोकळा केला, आणि मग इतर शहरांनीही तोच कित्ता गिरवला. दुकानांचे पंचांग मात्र आकाशाकडे पाहत नाही. बाहेर थंडी असतानाच, मार्चमध्ये, काचेआड बिनबाह्यांचे फ्रॉक लागतात, जूनअखेर ‘सेल’ची लाल पाटी चढते, आणि खरा उन्हाळा ऑगस्टमध्ये रेंगाळत असतो तेव्हा शाळेचे गणवेश व लोकरी कपडे पुढे येतात.

आज इंग्लंडच्या उन्हाळ्याची ओळख असलेला छापील सुती कपडा एके काळी तिथे गुन्हा होता, ही गोष्ट मला इतिहासाच्या तासाला कळली आणि तेव्हापासून या विषयाने मला धरून ठेवले. सतराव्या शतकात भारतातून जाणारे छापील कापड तिथल्या बायकांना इतके आवडले की लोकर व रेशीम विणणाऱ्यांचे धाबे दणाणले. १७०० साली असे कापड आयात करण्यावर संसदेने बंदी घातली. तरीही हौस थांबेना. १७१९ साली लंडनच्या स्पिटलफील्ड्समधील विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरचे छिटाचे कपडे फाडले. १७२१ च्या कायद्याने तर बहुतेक छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आली, ती १७७४ पर्यंत टिकली. तोवर लँकेशायरमध्ये यंत्रे फिरू लागली होती. पुढे काय झाले ते आपण जाणतोच. कापड गेले, पण शब्द राहिले. ‘चिंट्झ’ म्हणजे आपले छीट, ‘कॅलिको’ म्हणजे कालिकतचे कापड, ‘बंडाना’ म्हणजे बांधणी. ‘डंगरी’ या शब्दाचे मूळ तर मुंबईच्या डोंगरीत आहे. तिथल्या जाड्याभरड्या कापडाचे हे नाव. लंडनच्या दुकानात उन्हाळ्यात खांद्याला पट्टे असलेली डंगरी घेणाऱ्या मुलीला डोंगरी ठाऊक नसते, इतकेच.

पण माझ्या मते या विषयाचा गाभा कापडात नाही, किमतीत आहे. १८८४ साली मायकेल मार्क्स नावाच्या ज्यू निर्वासिताने लीड्सच्या कर्कगेट बाजारात एक पाल टाकले. इंग्रजी त्याला जेमतेम येई. त्याने वस्तूंवर पाटी लावली: किंमत विचारू नका, एक पेनी! घासाघीस नाही, संकोच नाही. १८९४ साली टॉमस स्पेन्सर भागीदार झाला आणि ‘मार्क्स अँड स्पेन्सर’चा जन्म झाला. १९२० च्या दशकाअखेरीस हे दुकान तयार कपड्यांकडे वळले, तेव्हा नियम ठरला की पाच शिलिंगांपेक्षा महाग काही ठेवायचे नाही. पुढे कित्येक वर्षे या दुकानांत कपडा घालून पाहण्याची खोलीच नव्हती. घरी न्यावा, घालून पाहावा, न बसल्यास परत करून पैसे घ्यावेत. गिऱ्हाईक गरीब म्हणून त्याच्यावर अविश्वास नाही, हे मला फार मोठे वाटते.

याचा परिणाम त्या काळच्या लेखकांनी टिपला आहे. जे. बी. प्रीस्टली यांनी १९३४ च्या ‘इंग्लिश जर्नी’त लिहिले आहे की, नव्या इंग्लंडात कारखान्यातल्या मुली नट्यांसारख्या दिसतात. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३७ च्या ‘द रोड टू विगन पिअर’मध्ये हप्त्यावर घेतलेल्या स्वस्त पण फॅशनेबल कपड्यांत कोपऱ्यावर उभे राहून सिनेमातील तारे-तारका असल्याचे स्वप्न पाहणारी बेकार तरुण मंडळी दाखविली आहेत. ऑर्वेल यांना हे गरिबीवरचे मलम वाटते. मला मात्र त्या मुलीची बाजू घ्यावीशी वाटते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी माझ्याजवळ दोन ड्रेस होते, आणि ‘कोणत्या गावची?’ हा प्रश्न मी तोंड उघडण्यापूर्वीच विचारला जाई. कपड्यावरून आपले घर ओळखू न येणे ही केवढी मोकळीक असते, हे ज्याचे घर कधी ओळखले गेले नाही त्याला कसे कळावे?

माझी आई साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाऊजही शिवते. एका ब्रिटिश दुकानाच्या उन्हाळी फ्रॉकचे चित्र मी तिला मोबाईलवर दाखविले. तिने रंगाकडे पाहिलेच नाही. चित्र बोटांनी मोठे केले आणि मोजू लागली: "पुढे दोन टक्स, कमरेला चुण्या, बाजूला चेन, गळ्याला पट्टी. अस्तर असेल तर अर्धा दिवस." मग मी किंमत रुपयांत सांगितली. ती म्हणाली, "बाई, यात शिवणारीला काय मिळालं?"

या एका प्रश्नाने माझ्या टिपणांचा क्रमच बदलला. साठीच्या दशकावर मी पानेच्या पाने काढून ठेवली होती: मेरी क्वांटचे १९५५ मध्ये किंग्ज रोडवर निघालेले ‘बझार’, बार्बरा हुलानिकीचे १९६४ चे ‘बिबा’, वेल्समधील माखन्लेथ येथे १९६१ साली दुकान उघडून फुलाफुलांचे सुती झगे विकणाऱ्या लॉरा अ‍ॅश्ले. या साऱ्या कर्तबगार स्त्रिया, पण त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आईचा प्रश्न पुढे नेतो तो ‘प्रायमार्क’कडे. १९६९ साली डब्लिनमध्ये ‘पेनीज’ या नावाने हे दुकान निघाले. आज ब्रिटनमधील स्वस्त उन्हाळी कपड्याचे ते माहेरघर आहे. २०१९ साली बर्मिंगहॅम येथे उघडलेली त्याची शाखा जगातील सर्वात मोठी. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात साव्हार येथे राना प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. बहुतेक शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले गेले. प्रायमार्कसाठी माल शिवणारा एक कारखाना त्या इमारतीत होता. कंपनीने पुढे नुकसानभरपाई दिली. हे फक्त दूरदेशीच घडते असेही नाही. २०२० साली इंग्लंडमध्ये किमान वेतन ताशी ८.७२ पौंड असताना लेस्टर शहरातल्या काही शिलाई कारखान्यांत त्याहून पुष्कळ कमी मजुरी दिली जात असल्याचे उघडकीस आले. तिथल्या यंत्रांवर बसणाऱ्यांत भारतीय उपखंडातून गेलेल्या बायका होत्या.

तेव्हा प्रीस्टलींची नटीसारखी दिसणारी मुलगी आणि साव्हारची शिवणारी, या दोघींपैकी मी कोणाची बाजू घ्यावी? स्वस्त कपड्याला नावे ठेवणारे लेख मी वाचले. त्यांतील बरेचसे ज्यांना महाग कपडा परवडतो त्यांनी लिहिलेले वाटतात. तीन मुलांच्या आईला जूनमध्ये मापे वाढलेली दिसतात, तेव्हा ती स्वस्त दुकानातच जाणार. तिथल्या सरकारलाही हे कळते: मोठ्यांच्या कपड्यांवर २० टक्के मूल्यवर्धित कर आहे, लहान मुलांच्या कपड्यांवर शून्य. प्राथमिक शाळेतल्या मुली उन्हाळ्यात चौकड्यांचा सुती फ्रॉक घालतात, तो सुपरमार्केटमध्ये भाजीच्या शेजारी मिळतो. शिवणारीला ताशी चार आणे जास्त मिळाल्याने तो फ्रॉक त्या आईच्या आवाक्याबाहेर जाईल, हे मला हिशेब मांडूनही पटत नाही. किमतीत मजुरीचा वाटा फार थोडा असतो. भाडे, जाहिरात, नफा यांचा मोठा.

अलीकडे हाय स्ट्रीटवर कुलपे दिसू लागली आहेत. वूलवर्थ्स २००९ मध्ये गेले, बी.एच.एस. २०१६ मध्ये, डेबनहॅम्सची दुकाने २०२१ मध्ये. गिऱ्हाईक घरबसल्या मागवू लागले. मात्र एक प्रकारचे दुकान तग धरून आहे, धर्मादाय संस्थांचे. लोक जुने कपडे देतात, संस्था ते विकून मदतकार्य चालविते. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवरील ऑक्सफॅमचे दुकान यांतले एक सर्वात जुने. कॉलेजातली मुले उन्हाळी शर्ट व फ्रॉक हौसेने तिथे शोधतात, आणि वापरलेला कपडा घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. जाणकार गिऱ्हाईक म्हणे आधी गळ्यामागचा शिक्का पाहते. ‘सेंट मायकेल’ असेल तर कपडा मार्क्स अँड स्पेन्सरचा. तो शिक्का २००० साली बंद झाला, म्हणजे फ्रॉक निदान पाव शतक जुना आणि बहुधा ब्रिटनमध्येच शिवलेला. त्याच्या शिवणी अजून उसवलेल्या नसतात.