जुनी पिकअप : दुरुस्त करून रंगवावी की सोडून द्यावी?

आपल्या जिल्ह्यातील लहान व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी पुष्कळांकडे एखादी जुनी पिकअप असते. कुणाकडे टाटाची 207, कुणाकडे महिंद्राची. इंजिन चालते, पण दाराचा पत्रा खालून सडलेला, हौद्याला भोके, रंग उडालेला. एखादा पेंटर येतो आणि म्हणतो, "शेठ, अमुक इतके द्या, नवी करून देतो." येथे थांबून हिशोब करावा. आम्ही कापडवाले आहोत, मिस्त्री नव्हे. परंतु इचलकरंजीचा माल आंबा घाटातून रत्नागिरीत आणणे हे आमचे नेहमीचे काम, आणि गाडीचा खर्च शेवटी कापडाच्या भावातच मिळवावा लागतो.

पहिली गोष्ट, रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा. गाडी ठेवावी की नाही हे चासी आणि कागद ठरवितात.

आपल्याकडे पाऊस सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पडतो आणि बारा महिने समुद्राची खारी हवा असते. मीठ पत्र्यावर ओल धरून ठेवते आणि गंज आतून खात जातो. बाहेरून पत्रा चांगला दिसतो, आत पोकळ झालेला असतो. म्हणून गाडी खड्ड्यावर घेऊन खालून पाहावी. पाटे जेथे चासीला बसतात ती जागा, केबिनखालचे आधार आणि हौद्याचे आडवे चॅनेल यांवर लहान हातोडीने ठोकावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर धातू गेला समजावे. पत्र्यावर लोहचुंबक फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे खाली पुट्टीचा जाड थर आहे, म्हणजे कुणीतरी पूर्वी भोक बुजवून रंग मारला आहे. जी गाडी मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या कामात राहिली, तिच्यापासून दूरच राहावे. बर्फाचे खारे पाणी वर्षानुवर्षे चासीवर गळलेले असते. अशी गाडी स्वस्त मिळते याचे कारण हेच.

दार, मडगार्ड, हौद्याचा तळ हे बदलता येते, आपल्या गॅरेजवाल्यांना ते काम उत्तम जमते. चासी सडली असेल तर मात्र ठिगळ लावून घाट चढविणे म्हणजे ड्रायव्हरच्या जिवाशी खेळ आहे. साखरप्याहून भरलेली गाडी वर नेताना आणि परत उतरताना ब्रेक व चासी दोन्हींची खरी परीक्षा होते.

दुसरी गोष्ट कागदांची. 15 वर्षांवरील गाडी बंद, असे बाजारात बोलले जाते. ती भीती दिल्ली परिसराच्या नियमांवरून पसरली आहे. आपल्या जिल्ह्यात गाडी पासिंगला उतरली तर ती चालविता येते. परंतु मालवाहू गाडी स्वतःच्या दुकानाचा माल नेत असली तरी तिला पासिंग लागतेच, आणि जुन्या गाडीला ते दरवर्षी करावे लागते. 2022 पासून 15 वर्षांवरील गाड्यांची ही फी पूर्वीच्या कित्येक पट झाली आहे. शिवाय आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला पर्यावरण कर आहे. एकूण भार 3000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, एवढी सवलत. गाडीच्या वयाला आजची फी किती, हे आरटीओत विचारूनच गॅरेजात पाऊल टाकावे. पासिंग संपलेल्या गाडीला अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडकतो.

आता हिशोब. समजा गाडी आहे त्या स्थितीत 60,000 ला जाते. दुरुस्ती आणि रंग 1,80,000. गाडी आणखी चार वर्षे चालेल आणि शेवटी 40,000 येतील. पुष्कळजण पहिले 60,000 धरीतच नाहीत, कारण गाडी घरचीच. परंतु ती रक्कम आज हातात येऊ शकते, म्हणजे तीही गुंतलेली आहे. एकूण 2,00,000, म्हणजे वर्षाला 50,000. पासिंग, कर, विमा, टायर आणि किरकोळ कामे मिळून वर्षाला आणखी 60,000 धरा. झाले 1,10,000, गाडी दारात उभी असली तरी. इचलकरंजीच्या एका येण्याजाण्याला डिझेल व ड्रायव्हर मिळून 3,900 लागतात आणि भाड्याची पिकअप तेच काम 8,000 त करते असे समजू. एका फेरीत 4,100 वाचतात. म्हणजे वर्षाला 27 फेऱ्या झाल्या तर कुठे बरोबरी. महिन्याला दोनच फेऱ्या असतील तर भाड्याची गाडीच परवडते. आठवड्याला एक किंवा त्याहून अधिक काम असेल, अथवा आंब्याच्या हंगामात घरचीच बाग उतरवायची असेल, तर दुरुस्ती पदरात पडते. हे आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

व्याजाचे कर्ज नको म्हणून नवी गाडी नको, असे आपले पुष्कळ बांधव ठरवितात. हा निर्णय आपल्या जागी दुरुस्त आहे. परंतु त्यामुळे जुनीवर पैसा घालणे आपोआप फायद्याचे होत नाही. भाड्याचा मार्गही बिनव्याजीच आहे. जुन्या गाडीची एक जमेची बाजू मात्र मान्य केली पाहिजे. 1 एप्रिल 2020 पासून येणाऱ्या बीएस-6 डिझेल गाड्यांत सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स पुष्कळ आहे, बिघाड शोधायला कॉम्प्युटर लागतो. जुने साधे इंजिन पाली किंवा हातखंब्याचा मिस्त्रीही उघडतो. फक्त 207 आता बनत नाही, तेव्हा सुटे भाग मिळतात का ते आधी पाहावे.

दुरुस्ती करायचे ठरलेच, तर क्रम असा ठेवावा : ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन, मग पत्राकाम, मग रंग. गंज पूर्ण घासून प्रायमर मारल्याशिवाय पुट्टी लावू देऊ नये, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर फुगे येतात. घासताना चासी नंबर पुसला जाता कामा नये. तो वाचता आला नाही तर पासिंग अडते. रंग पूर्वीचाच ठेवावा, बदलला तर आरसी बुकात नोंद करावी लागते. लष्करी हिरवा रंग तर खाजगी गाडीला चालतच नाही. रंगानंतर रिफ्लेक्टर पट्ट्या नव्याने लावाव्यात. हे काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत उरकावे. दमट हवेत साध्या एनसी रंगावर पांढुरकी झाक येते. कापड नेणाऱ्याने रंगापेक्षा ताडपत्री आणि हौद्याच्या तळाकडे अधिक पाहावे, एक भिजलेला तागा पेंटरच्या बिलाएवढा पडतो.

विकण्यासाठी म्हणून रंगवायची असेल, तर गंज झाकून विकणे आपल्याला जायज नाही. ऐब दाखवूनच भाव सांगावा, आणि तसा भाव मिळणार असेल तर रंगाचा खर्च बहुधा निघतच नाही.

गाडी सोडायचीच असेल तर गल्लीतल्या भंगारवाल्याला तशीच देऊ नये. 2021 च्या धोरणानुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिल्यास सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळते आणि पुढच्या नव्या गाडीच्या करात त्याचा फायदा घेता येतो. गाडी मोडल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी. तो कागद हाती येईपर्यंत गाडी तुमच्याच नावावर असते, आणि तिचा नंबर कुणी कुठे वापरला तर पहिली चौकशी तुमच्याकडेच येते.