घाटातली टकटक : जेट की टायमिंग?

प्रश्न : माझी जुनी, पॉइंटवाली बुलेट ३५० मे महिन्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना टकटक करते. अकोल्याचे मेकॅनिक म्हणतात, मोठा मेन जेट टाका. टाकू का?

उत्तर : थांबा, आधी मोजा. उन्हाने आणि उंचीने हवा विरळ होते. कार्ब्युरेटरचे मिश्रण त्याने उलट पेट्रोलकडेच झुकते. जेटवर लगेच आळ नको. टकटक खरेच नॉकची, म्हणजे मिश्रणाच्या अवेळी स्फोटाची, आहे का ते बघायला भंगारातल्या मोटारीचा नॉक सेन्सर सिलिंडरला घट्ट आवळा. ७० मिलिमीटर बोअरला नॉकची कंपने साधारण ८ किलोहर्ट्झला उमटतात. तेवढाच पट्टा गाळून लॉगरवर घ्या. सोबत आरपीएम, थ्रॉटल आणि वाइडबँड सेन्सरचा लॅम्डा, म्हणजे हवेचे पेट्रोलशी प्रमाण. बुलेटचे टॅपेट वाजतातच, पण थ्रॉटल सोडल्यावरही ते वाजत राहतात. नॉक तत्काळ थांबतो.

पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.९ च्या आत असूनही नॉक दिसला, तर दोष मिश्रणाचा नाही. हेडमधला कार्बन काढा, टायमिंग दोन अंश मागे घ्या. लॅम्डा ०.९५ च्या वर गेला तरच जेट वाढवा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने तसे होऊ शकते. अर्ध्या थ्रॉटलची तक्रार असेल तर नीडलची क्लिप बघा.

चाचणीत नॉक दिसताच थ्रॉटल सोडा. नोंदीच्या हट्टापायी पिस्टन जाळू नका.