हृदयावरणाचा दाह : ओळख व उपचार

हृदयाभोवती दोन पातळ पदरांचे आवरण असते. या पदरांमधील सुमारे १५ ते ५० मिलिलिटर द्रवामुळे हृदयाची हालचाल घर्षणाविना होते. या आवरणास सूज आली म्हणजे जो विकार उद्भवतो, त्यास हृदयावरणाचा दाह, वैद्यकीय परिभाषेत पेरिकार्डायटिस, असे म्हणतात.

छातीत टोचल्यासारखी तीव्र वेदना हे त्याचे प्रमुख लक्षण होय. दीर्घ श्वास घेताना किंवा उताणे निजल्यावर ही वेदना वाढते आणि पुढे वाकून बसल्यास कमी होते. अनेकदा तापही असतो. तथापि, एवढ्यावरून हृदयविकाराचा झटका नाही असे घरच्या घरी ठरविणे धोक्याचे आहे. छातीत दुखू लागताच रुग्णास रुग्णालयात नेऊन ईसीजी काढून घेतला पाहिजे. आवरणात पाणी साचले आहे किंवा नाही, हे इकोकार्डिओग्राफीने कळते.

हा विकार पुष्कळदा विषाणूंमुळे होतो. अशा वेळी विश्रांती आणि अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. त्यांच्या जोडीला तीन महिने कोल्चिसिन दिल्यास दुखणे उलटण्याचा संभव बराच कमी होतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळून आले. हे द्रव्य आपल्याकडील कळलावीच्या कंदातही असते. परंतु तो कंद अत्यंत विषारी असल्याने घरगुती औषध म्हणून त्याचा वापर प्राणघातक ठरू शकतो.

भारतात क्षयरोग हेही या विकाराचे महत्त्वाचे कारण आहे. त्यात वेदनेपेक्षा कित्येक आठवडे राहणारा बारीक ताप, घटणारे वजन, धाप आणि पायांवरील सूज ही लक्षणे ठळक असतात. किमान सहा महिन्यांचा औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांतून विनामूल्य मिळतो. तो पूर्ण झाला नाही, तर आवरण जाड होऊन हृदयास आवळू लागते आणि शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते.

आवरणात वेगाने पाणी साचल्यास हृदयावर दाब येतो. धाप वाढणे, मानेच्या शिरा फुगणे, रक्तदाब उतरून ग्लानी येणे या खुणा दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सुईने वेळीच पाणी काढल्यास प्राण वाचतात.

ताप उतरला, अंगात बळ आले की औषधे सोडून देण्याकडे रुग्णाचा कल होतो. नेमक्या याच वेळी शिक्षक व पंचायत सदस्यांनी त्याच्या घरी चौकशी केली, तर उपचार अर्धवट राहणार नाहीत.