सहा महिने नुसतं अंगावरचं

शिरूर आणि दौंडकडच्या गावांत समुपदेशक म्हणून मी बरीच वर्षं काम करते आहे. एचआयव्ही असलेल्या आईच्या दुधातून बाळाला लागण होऊ शकते, आणि ती रोखताही येते. त्यासाठी काय उपयोगी पडतं, ते लिहिते.

1. आधी आईची गोळी. काहीच उपाय केला नाही, तर गरोदरपण, बाळंतपण आणि दूध मिळून शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होते. आईने एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराची, गोळी न चुकवता घेतली, तर दूध पाजूनही हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. 2014 पासून आपल्याकडे प्रत्येक बाधित गरोदर बाईला ही गोळी लगेच, आयुष्यभरासाठी आणि मोफत मिळते. म्हणून दिवस गेल्याचं कळताच रक्त तपासून घ्यावं.

2. डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडलं, तर बाळाच्या तोंडात दुसरं काही नको. सगळ्यात जास्त वेळ मी यावर बोलते. पाचवीच्या आधीच कुणी मध चाटवतं, कुणी गुटी उगाळतं. वैशाखात आजी म्हणते, ‘‘घसा सुकतोय गं लेकराचा, दोन चमचे पाणी तरी पाज.’’ थोडं अंगावरचं आणि थोडं वरचं, हीच सगळ्यात घातक गोष्ट. वरच्या दुधापाण्याने बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. नुसतं अंगावरचं पाजणं आणि दोन्ही मिसळून पाजणं यांतला हा फरक डर्बनमधल्या अभ्यासाने 1999 साली दाखवून दिला.

यात आईच्या सोयीचीही एक गोष्ट आहे. डब्याचं दूध सुरू केलं की गल्लीभर चर्चा होते, ‘‘हिला काय झालं, पाजत का नाही?’’ सहा महिने नुसतं अंगावरचं दूध मात्र आशाताई प्रत्येक बाळंतिणीला सांगतात. त्यामुळे आईला कुणाला काही सांगावं लागत नाही. मी आजीशी बोलते तेव्हाही आजाराचं नाव काढत नाही. ‘‘आजी, आता गुटी कुणालाच द्यायची नाही,’’ एवढंच म्हणते. ते खरंच आहे, आणि आजीला पटतंही. आईच्या संमतीशिवाय तिचा आजार कुणालाही सांगू नये, असा 2017 चा कायदाही आहे.

3. बाळाचं औषध. जन्मल्याबरोबर नेविरापिनचं पातळ औषध सुरू करतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ते बिनसुईच्या सिरिंजनेच मोजावं, घरच्या चमच्याने नव्हे. पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेजही ज्यात होतं, तो तीन देशांतला अभ्यास 2008 मध्ये छापून आला. सहा आठवडे रोज हे औषध दिल्याने त्या काळातली दुधातून होणारी लागण शंभरात पाचावरून अडीचवर आली होती. पण औषध थांबल्यावर तो फायदा ओसरत गेला. दूध चालू आहे तोवर आईची गोळी का चुकवायची नाही, हे यावरून कळतं.

4. माहेरी जाताना गोळ्या. पहिलं बाळंतपण माहेरी. दौंडची लेक शिरूरला दिलेली असते, सातव्या महिन्यात ती जाते आणि गोळ्यांचा डबा सासरीच राहतो. कारखान्यांवर आणि गुऱ्हाळांवर येणाऱ्या ऊसतोड बायांचं तर दर हंगामात गाव बदलतं. निघण्याआधी जास्तीच्या गोळ्या आणि पुढच्या केंद्राची चिठ्ठी मागून घ्यावी.

5. बोंडाला चीर पडली, गळू झालं, तर त्या बाजूचं दूध पिळून टाकावं आणि बरं होईपर्यंत दुसऱ्या बाजूने पाजावं.

6. सहा महिन्यांनंतर वरण-भात, नाचणीची पेज सुरू करावी. दूधही चालू ठेवावं. बाळाला लागण नसेल तर वर्षाच्या सुमारास दूध सोडवतात, पण कडुलिंबाचा पाला लावून एका दिवसात तोडू नये. महिनाभरात हळूहळू कमी करावं. लागण झालेली असली, तर दोन वर्षांपर्यंत पाजावं आणि बाळाचे उपचार लगेच सुरू करावेत.

7. तपासणीच्या तारखा. सहाव्या आठवड्यात टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब खास कागदावर वाळवून पाठवतात. पुढे सहा आणि बारा महिन्यांनी तपासणी होते, आणि शेवटची अठराव्या महिन्यात. तोवर लेकरू धावायला लागलेलं असतं. आता कशाला दवाखाना, असं घरच्यांना वाटतं. त्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात मी आईला फोन लावते.