गॅदरिंगची दुसरी सकाळ

सुरुवातीलाच कबूल करते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या असतील तर पोटात घाला. पण हा विषय मला मराठीतच लिहावासा वाटला, कारण ज्या आजींमुळे तो सुचला त्या माझ्याशी मराठीतच बोलल्या.

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या म्युझिकल नाइटला मी जेवण समितीत होते. कार्यक्रम झकास झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राउंड झाडायला गेलो, तेव्हा कुंपणापलीकडच्या वावरातून एक आजी आल्या. डोक्यावर युरियाचं रिकामं पोतं, पण फुगलेलं. आत आमच्या ताटल्या आणि ग्लास होते, रात्रीच्या वाऱ्याने त्यांच्या कांद्यात उडालेले. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरी, कांद्याला पाणी सोडलं की ह्या ताटल्या दांडात आडकत्यात. पाणी भलतीकडंच फुटतंय. आन रातीच्या दणदणाटानं म्हस बिथरलीया, सकाळी पान्हावली न्हाई."

त्या ताटल्यांची ऑर्डर मी दिली होती. 'कागदी आहेत, म्हणजे चांगल्या' असं समजून. त्या दिवसापासून मी हा हिशेब मांडायला लागले.

१) दिसणारा कचरा

महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्या-ग्लासांवर बंदी आली. २०२२ च्या १ जुलैपासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. मग आपण कागदीकडे वळलो. पण रस्सा झिरपू नये म्हणून बहुतेक कागदी ग्लास-ताटल्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. तो थर मातीत कुजत नाही, आणि त्याच्यामुळे कागदाची रद्दीही नीट होत नाही. 'पेटवून द्या' हा उपाय तर सगळ्यात वाईट, कारण कचरा जातो आणि विषारी धूर हॉस्टेलच्या खिडक्यांतून आत येतो.

२) न दिसणारा धूर

कचरा डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्याच्याबद्दल बोलतो. मोठा हिशेब दुसरीकडेच आहे. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, एक लिटर पेट्रोलला साधारण २.३ किलो. समजा, जनरेटर सहा तास चालला आणि तासाला २० लिटर डिझेल प्यायला. म्हणजे १२० लिटर, साधारण ३२० किलो कार्बन डायऑक्साइड. आता समजा, पुण्याहून १५० मोटारसायकलींवर ३०० पाहुणे आले. जाऊन-येऊन १४० किलोमीटर आणि लिटरला ४५ चं ॲव्हरेज धरलं तर साडेचारशे लिटरच्या वर पेट्रोल, म्हणजे हजार किलोहून जास्त! जनरेटरच्या तिप्पट.

ब्रिटनमधल्या संगीत महोत्सवांच्या अभ्यासातही हेच दिसलंय, की सर्वात मोठा वाटा प्रेक्षकांच्या प्रवासाचा. तेच ३०० जण सहा एसटी बसमधून आले, तर लिटरला साडेचार किलोमीटर धरूनही हा आकडा निम्म्यावर येतो. दौंडकडून येणाऱ्यांना तर रेल्वे आहेच.

३) आवाज

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. आता फिजिक्स आठवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्टेजपासून १० मीटरवर १०० डेसिबल असेल, तर २० मीटरवर ९४, ४० वर ८८... असं करत ६४० मीटरवरसुद्धा ६४ उरतो. आजींचा गोठा त्याच्या निम्म्या अंतरावरही नाही. म्हैस कशी पान्हावणार?

पण इथेच एक गंमत आहे. आवाज फक्त ३ डेसिबलने कमी केला, तर कानांना फरक जेमतेम कळतो. ॲम्प्लिफायरला लागणारी शक्ती मात्र निम्मी होते. म्हणजे थोड्या कमी आवाजात डिझेलही वाचतं आणि शेजारीही.

हे जमतं का?

काही जण म्हणतील, नियम पाळले तर मजा काय राहिली? पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. पूर्वी तो रात्रभर रंगायचा. वेळेचं बंधन आल्यावर कार्यक्रम दुपारकडे सरकवले. महोत्सव बंद पडला नाही, गर्दीही आटली नाही. उलट उदाहरण आपल्या नगर रस्त्यावरचं आहे. २०१६ च्या डिसेंबरात वाघोलीजवळ केसनंदला सनबर्न महोत्सव झाला, तेव्हा टेकडीचं खोदकाम आणि झाडतोड यांवरून वाद कोर्टापर्यंत गेला होता. इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवाने २०१९ साली एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटल्यांची विक्रीच बंद केली. लोक आपापल्या बाटल्या भरून घेऊ लागले.

पण मला खरं उत्तर सापडलं ते माझ्या दौंड तालुक्यात. तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्कामाला येते. लहानपणी आजीबरोबर ती बघायला जायचे. टाळ-मृदंगाच्या नादात लाखभर माणसं येतात आणि चालत येतात! यवतची पिठलं-भाकरी तर सगळ्यांना माहीत आहे. अनेक वारकऱ्यांच्या पिशवीत स्वतःचं ताट-तांब्या असतो. तरी वारीलाही प्रश्न होतेच. पालखी पुढे गेली की गावात घाण मागे राहायची. त्यावर कोणी वारी बंद करा म्हटलं नाही. 'निर्मल वारी' उपक्रमात मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं उभी राहू लागली, स्वयंसेवक उभे राहिले. यातून मला एक गोष्ट पटली. लोकांना नुसतं 'कचरा करू नका' सांगून भागत नाही, आधी सोय करावी लागते.

मग यंदा काय करायचं?

• जेवण मेसच्या स्टीलच्या ताटांत. धुवायला जास्तीची माणसं लागतील, त्यांची मजुरी ताटल्यांच्या वाचलेल्या पैशांतून द्यावी.
• पाण्याच्या बाटल्यांऐवजी ठिकठिकाणी जार. स्टीलच्या ग्लासला २० रुपये डिपॉझिट. ग्लास परत, पैसे परत.
• महावितरणकडून तात्पुरतं वीज कनेक्शन घ्यावं, जनरेटर फक्त वीज गेली तर. जुन्या हॅलोजनच्या जागी एलईडी.
• पाहुण्यांच्या पासबरोबर बसचं तिकीट.
• स्पीकरची तोंडं वस्तीकडे नकोत. एका भिंतीएवढ्या डीजेऐवजी प्रेक्षकांजवळ छोटे स्पीकर.
• कार्यक्रम साडेपाचला सुरू, पावणेदहाला बंद.
• कुंपणाला हिरवी नेट, म्हणजे वारा आला तरी काही उडून बाहेर जाणार नाही.

यातलं एकही काम इंजिनीअरिंगच्या मुला-मुलींना अवघड नाही. स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमना विनंती, की हे मुद्दे गॅदरिंगच्या पहिल्याच मीटिंगमध्ये घ्यावेत. आदल्या रात्री आठवले तर ताटल्याच मागवाव्या लागतात, हे मी अनुभवाने सांगते.

कुंपणापलीकडे यंदाही कांदा लावलाय. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजींना पोतं घेऊन आमच्याकडे यायला लागू नये. मीच रिकामं पोतं घेऊन त्यांच्या बांधावर जाणार आहे. ते रिकामंच परत आलं आणि म्हैस पान्हावली असेल, तर समजायचं, गॅदरिंग हिट झालं!

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह