करोना विषाणू आणि प्राणिजातींमधील कुंपण

विषाणूला स्वतंत्रपणे वाढता येत नाही. त्यासाठी त्याला सजीवाच्या पेशीत शिरावे लागते. पेशीच्या पृष्ठभागावर अनेक प्रकारची प्रथिने असतात. ती पेशीच्या स्वतःच्या कामासाठी असतात. परंतु त्यांपैकी एखाद्याला विषाणू चिकटू शकला, की त्याला आत जाण्याची वाट मिळते. अशा प्रथिनाला त्या विषाणूचा ‘ग्राही’ म्हणतात.

२०१९ च्या अखेरीस चीनमधील वूहान शहरात प्रथम आढळलेल्या करोना विषाणूचा ग्राही म्हणजे एसीई-२ हे प्रथिन होय. रक्तदाबाच्या नियमनात भाग घेणारे हे प्रथिन इतर सस्तन प्राण्यांतही असते. मात्र त्याची घडण जातीपरत्वे थोडीथोडी बदलते. मनुष्यात ते ८०५ अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले असते. या साखळीत ३५३ व्या स्थानी मनुष्यात लायसिन, तर उंदरात हिस्टिडिन असते. विषाणूच्या पृष्ठभागावरील काटे जेथे चिकटतात, त्याच भागात हे स्थान येते. अशा काही फरकांमुळे मूळ विषाणूची बाधा प्रयोगशाळेतील साध्या उंदरांना होत नसे. मानवी एसीई-२ चे जनुक ज्यांच्यात घातले होते, त्या उंदरांना मात्र ती झाली.

मांजर, सिंह, मिंक यांचा ग्राही या विषाणूला मानवतो. २०२१ च्या मे-जूनमध्ये हैदराबाद व चेन्नई येथील प्राणिसंग्रहालयांतील सिंहांना बाधा झाली. केसाळ कातड्यासाठी पाळल्या जाणाऱ्या मिंकमध्ये तर तो माणसांकडून गेला आणि काही बदल घेऊन माणसांत परतला. त्यामुळे नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्मार्कच्या सरकारने देशातील सर्व मिंक मारण्याचा आदेश दिला. त्यांची संख्या दीड कोटीहून अधिक होती.

तथापि केवळ ग्राही जुळला म्हणजे रोग पसरतोच असे नाही. डुकराच्या एसीई-२ ला हा विषाणू चिकटू शकतो. तरीही प्रयोगांत डुकरांमध्ये त्याची फारशी वाढ झाली नाही. पेशीत शिरल्यानंतरही त्याला अनेक अडथळे पार करावे लागतात.

उलट, न जुळणारा ग्राहीही कायमचे संरक्षण देत नाही. २०२० च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत ओळखल्या गेलेल्या प्रकारात काट्याच्या ५०१ व्या स्थानी अस्पॅराजिनऐवजी टायरोसिन आले होते, आणि त्या प्रकाराची बाधा साध्या उंदरांनाही होऊ लागली. ग्राही तोच राहिला, विषाणू बदलला. म्हणूनच आज सुरक्षित वाटणाऱ्या जातींवरही लक्ष ठेवणे आवश्यक ठरते.